डावीकडं दीड इंच

— आन म्हणून म्हणलं सर, दहा मिनिटं बसा. शेवटच्या दहा प्रती दाबाखाली हायत, कव्हरचा डिंक ओला हाय अजून, आत्ता काढल्या तर पुठ्ठा वाकतोय — आन तुमच्या गौरवग्रंथाचा पुठ्ठा वाकलेला कोणाला आवडंल, मला तर न्हाई आवडणार. कार्यक्रम पाचला हाय न? आत्ता साडेतीन बी वाजले न्हाईत. बसा. ह्या खुर्चीवर बसा, ती दुसरी डुगडुगतीय. पाणी देऊ? — बरं, ऱ्हाऊ द्या. बाकीचे गठ्ठे तयार हायत, ते बघा भिंतीपाशी, सुतळीनं बांधून ठेवलेत. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, थीसिसला करतेत तशी बाजूनं पक्की शिलाई — तुमी म्हणला होता तसंच. 'भूगोलाचे भाष्यकार : प्राचार्य डॉ. महारुद्र सर गौरवग्रंथ.' अक्षर जरासक मोठं घेतलंय, मागच्या खुर्चीवरून बी दिसंल.

न्हाई, उघडू नका अजून. द्या इकडं ते. मी दाखवते न बराबर, फुरसतीनं.

तुमी पाच चकरा मारल्या ह्या दुकानात. मी मोजल्यात. पहिल्यांदा आला तवा भागवत सर होते संगं — तुमच्याच हाताखाली शिकलेले, ग्रंथाचे संपादक म्हणून नाव बी त्यांचंच हाय. दर येळेला तुमी मला 'बाई' म्हणला. एकदा 'मॅडम' बी म्हणला, पावती मागायची होती तवा. पावतीवर माझी सही होती, एस. डी. खंदारे. तुमी ती घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, घडी घालताना तरी हात थांबंल. थांबला न्हाई. — कोण खंदारे? तेच सांगायले सर. सुकेशनी दत्तराव खंदारे. गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला. तुमच्याकडं एम.फिल.ला होते. दोन हजार बारा, तवा तुमी विभागप्रमुख होता. — आठवंना? आठवत नसंल, तुमच्या हाताखालून किती पोरं गेली. पर पहिल्या दिवशी तुमी मला गाव इचारलं होतं, बापाचं नाव इचारलं, आन मंग इचारलं, गावात घर कोणत्या अंगाला. मी म्हणलं, वेशीच्या बाहेर, बुद्धविहारापाशी. तुमी मान हलवली आन म्हणला, "तुमच्यात हल्ली सगळेच शिकतात. चांगलं आहे." मला तवा वाटलं, कौतुकच करायलेत.

माझा इषय होता आठवडी बाजार. सोनपेठ तालुक्यातले आठवडी बाजार. तुमीच म्हणला होता, सोपा विषय आहे, घरचाच आहे तुमच्या. घरचाच होता की. माझी माय सरजाबाई त्या बाजारात मिरची इकायची — आजबी इकती, साठीच्या म्होरं गेली तरी. बाप सालानं होता लोकाच्या शेतात, पर बाजाराच्या दिवशी मायची पाटी तोच उचलायचा. मी दोन वर्षं बाजार हिंडले. नऊ बाजार. एस.टी.नं जायचं, जिथं एस.टी. न्हाई तिथं पायी. दोनशे बारा इकणाऱ्यांचे फॉर्म भरले म्या, एकेकापाशी उकिडवं बसून — नाव काय, वय काय, माल कुठून आणता, किती चालता, पाल कोणाच्या जागेत टाकता, जागेवरून कोण उठवतंय का. बाया आधी बोलायच्या न्हाईत. त्यांना वाटायचं, सरकारी हाय ही, आपल्याला उठवायला आली. मंग मी सांगायची, सरजाबाईची पोरगी हाय, मंग बोलायच्या. मायचा बी फॉर्म भरला. ती हसायली, म्हणली, मला काय इचारतीस, तुला मालूमच हाय समदं. म्हणलं, न्हाई माय, कायदा हाय त्याचा, तू सांगायचं आन मी लिहायचं. चौदा नंबरचा फॉर्म.

ते दोनशे बारा फॉर्म तुमी ठेवून घेतले. "तपासायला ठेवा," म्हणला. ठेवले.

मंग प्रबंध टाईप केला, इथंच. ह्याच दुकानात, तवा आश्रुबा काकांचं होतं हे. म्हातारा लय निगुतीनं बांधायचा, एकेक टाका मोजून. मी त्यांना तुमचं नियमाचं पत्रक दाखवलं — डावीकडं समास दीड इंच, बाकी तीन अंगांना एक इंच. आमी समास न्हाई म्हणत, मार्जिन म्हणतो. काकांनी पट्टी लावून दाखवलं मला, बराबर दीड. एकतीस जुलैला शेवटची मुदत. मी दुपारी एकला तुमच्या खोलीत आले, तीन प्रती छातीशी धरून. तुमी प्रत हातात घेतली. पहिलं पान न्हाई बघितलं, अनुक्रमणिका न्हाई, एक तक्ता न्हाई. मधूनच उघडलं, ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढली आन शिवणीपासून मोजायला लागला. शिवणीपासून सर. म्हणला, "सव्वा इंच आहे. नियम दीड इंचाचा आहे."

मी म्हणलं, सर, कागदाच्या कडेपासून दीडच हाय, पाव इंच शिलाईनं खाल्लंय, शिलाई खाणारच, म्हणून तर डावीकडं जास्ती सोडतेत. तुमी म्हणला, "ते मला शिकवू नका. समास कमी आहे, मी सही करू शकत नाही." मी म्हणलं, उद्या आणू का दुसरी? "उद्या मुदत संपलेली असेल." आन प्रती टेबलावरून माझ्याकडं सारल्या — हातानं बी न्हाई, त्या पट्टीनं सारल्या.

मी पळत दुकानात आले. काकांनी शिलाई उसवली, पुन्ना छापायला घेतलं, आन लाइट गेली. दोन घंटे न्हाई आली. मंग छापून शिवस्तोर पाच वाजून गेले. दुसऱ्या दिवशी नवीन प्रती घेऊन आले तर शिपायानंच सांगितलं, तुमची नोंदणी रद्द झाली. मी आत आले, म्हणलं, सर, माझे फॉर्म तरी द्या. तुमी चष्मा काढला आन म्हणला, "कोणते फॉर्म?"

— मला राग न्हाई त्याचा. खरंच न्हाई. किती वर्षं झाली. काकांना वाईट वाटलं, त्यांना वाटायचं शिलाई त्यांचीच चुकली, चुकली नव्हती, पर मरस्तोर म्हणायचे, पोरी, दोन सूत, पाव इंचच, अलीकडं शिवलं असतं तर. त्यांनी मला काम दिलं, मंग दुकान दिलं. मी सगळ्या जिल्ह्याचे प्रबंध बांधते आता. सेलूकडचे, देवगाव फाट्याकडचे पोरं येतेत, म्हणतेत, ताईकडं दिलं की मार्जिनवरून परत येत न्हाई. येतच न्हाई. आजपस्तोर एक न्हाई आला. मंग तुमी आला. आवाजावरूनच वळखलं म्या, पाठ होती माझी. मी ठरवलं, काम करायचं आन मोकळं व्हायचं. दुकानात आलेल्याला परत पाठवत न्हाई मी.

ही बघा तुमची चिठ्ठी. तुमचंच अक्षर हाय न? वाचते — "छपाई कागदाच्या दोन्ही बाजूंनी. डावीकडे समास दीड इंच, उजवीकडे अर्धा इंच. सर्व पानांना हाच नियम." 'सर्व पानांना'च्या खाली तुमी रेघ मारलीय. प्रबंध एका बाजूनं छापतेत सर, म्हणून तिथं डावीकडं दीड चालतंय. दोन्ही बाजूंनी छापलं की पान उलटल्यावर शिवण उजवीकडं येतीय. मंग तिथं मोठं मार्जिन उजवीकडं घ्यावं लागतंय, आरशात बघितल्यासारखं. पहिल्या वर्षाच्या पोराला बी कळतंय. मी सांगायला लागले होते तुमाला, भागवत सर होते साक्षीला. मी म्हणलं, सर, दोन्ही बाजूंनी छापायचं म्हणलं तर — आन तुमी हात वर केला. "बाई, मी तीस वर्षं प्रबंध तपासलेत. तुम्ही सांगितलं तेवढं करा." भागवत सरांनी खाली मान घातली.

तरीबी मी दुसऱ्यांदा सांगणार होते. खरं सांगते. चिठ्ठीला टाचणी लावून ठेवली होती, म्हणलं, टायपिंग झालं की पुन्ना इचारू. घ्या आता. उघडा. डावीकडचं कोणतंबी पान उघडा. — काय झालं? वाचा की. ओळीचा शेवट न्हाई दिसत? जोर लावून उघडा. लय जोर लावू नका, शिलाई पक्की हाय, तुमीच सांगितली. सगळी डावी पानं तशीच हायत. दोनशे चाळीस पानांचं पुस्तक, एकशे वीस पानांचे शेवटचे दोन-दोन शब्द शिवणीत गेलेत. तुमच्या मुलाखतीत प्रश्न हाय आन उत्तर अर्धं हाय. अध्यक्षांच्या शुभेच्छापत्रात त्यांचं नावच गेलंय निम्मं. मी काय करू सर, नियम होता. रेघ मारलेला.

ओरडू नका. शेजारी फोटोवाल्याचं दुकान हाय, माणसं जमा होतेल. आन माणसं जमा झाली तर मी ही चिठ्ठी वाचून दाखवीन, मला काय अडचण न्हाई. पुन्ना छापायचं? छापू की. दीड तासात न्हाई व्हायचं. शिलाई, दाब, डिंक — बारा दिवस धरा. मधी लाइट गेली तर चवदा.

— मुद्दाम? हो, मुद्दामच केलं. मी कुठं न्हाई म्हणले. पर मार्जिनसाठी न्हाई केलं सर, तुमची पट्टी मी गिळली होती. कशासाठी केलं ते सांगते. तुमचे जुने लेख तुमी टायपिंगला दिले न, निवडक लेख म्हणून, पिवळ्या फाईलीत. त्यात एक लेख हाय — 'गोदाकाठचे आठवडी बाजार : एक भौगोलिक दृष्टिक्षेप'. दोन हजार चौदाला कुठल्या तरी परिषदेत वाचलेला, बक्षीस बी हाय त्याला. मी टाईप करायला बसले. पहिला तक्ता आला, नऊ बाजार, त्याच क्रमानं. म्हणलं, असंल, बाजार तर सगळ्यांचेच हायत. दुसरा आला. दोनशे बारा उत्तरदाते. बोटं हळू झाली माझी. मंग चौथ्या तक्त्याखाली नमुन्याच्या नोंदी हायत, नावं काढून टाकलेल्या. त्यातली एक — हे पाठ हाय मला — "महिला विक्रेती, वय ४८, निरक्षर. सुकी मिरची. बाजारापर्यंत सात किलोमीटर पायी. पाल उघड्यावर, गटारालगत, कारण आतली जागा मिळत नाही. मुलगी उच्चशिक्षण घेत आहे."

मुलगी उच्चशिक्षण घेत आहे.

माझीच ओळ. मायसमोर बसून लिहिलेली, आन लिहिताना आमी दोघी बी हसलेलो. दोन हजार चौदाला मी ह्या दुकानात पोरांच्या प्रबंधांना डिंक लावत होते, आन तुमी तिकडं कोट घालून वाचायलात की तिची मुलगी उच्चशिक्षण घेत हाय. तेवढं तरी बदलायचं न सर. तेवढं तरी काढायचं. तुमाला त्याचा अर्थच लागला न्हाई, म्हणून तुमी काढलं न्हाई. वाचलंच न्हाई तुमी. तवाबी न्हाई, आताबी न्हाई.

त्या दिवशी मी दुकान बंद केलं, मधीच. दुसऱ्या दिवशी उघडलं, चिठ्ठीची टाचणी काढली, आन डावीकडं दीड इंच घेतलं. सर्व पानांना.

आता एक उजवं पान काढा. उजवी पानं चांगली हायत, शिवणीपासून भरपूर जागा सोडलीय, एक अक्षर बी दबलं न्हाई. एकशे सतरा काढा. तो चौथा तक्ता आधी एकशे सोळावर येत होता, डाव्या अंगाला. मी त्या लेखाच्या आधी एक पान कोरं सोडलं, म्हणजे तो सतरावर गेला. मायला मी शिवणीत दाबणार नव्हते. — सापडलं? तक्त्याच्या खाली बघा, बारीक टाईपात. चष्मा लावा. मी सांगू काय हाय ते? "तक्ता क्र. ४ व त्याखालील नोंदी : सुकेशनी दत्तराव खंदारे यांच्या सर्वेक्षणातून. एम.फिल. प्रबंध, २०१२. समास पाव इंच कमी भरल्याने विभागप्रमुखांनी स्वीकारला नाही. उत्तरदाती क्र. १४ : सरजाबाई दत्तराव खंदारे." एवढंच. शिवी न्हाई, आरोप न्हाई. संदर्भ द्यायला तुमीच शिकवलं.

हे चोरून न्हाई घातलं. मी प्रूफ दिलं होतं तुमाला, अख्खं, आठ दिवस तुमच्या घरी होतं. त्यातबी ही टीप होती. मला वाटलं, वाचतेल, येतेल, ओरडतेल — मंग मी मुकाट्यानं काढून टाकलं असतं. मार्जिन बी नीट केलं असतं, तिथल्या तिथं. मी रोज वाट बघितली. प्रूफ परत आलं तर सगळ्या पानांवर सही. ही बघा एकशे सतरावरची. टीप इथं, आन दोन बोटं खाली तुमची सही. फोटोंच्या पानावर मात्र सात दुरुस्त्या केल्यात तुमी, कोणाचा फोटो वर आन कोणाचा खाली.

— काय म्हणला? सगळे गठ्ठे इथंच ठेवा, कार्यक्रम पुस्तकाबिगर करू? करा की. ठेवते मी. पर दाबाखालच्या धरून हे सत्तर हायत सर, तुमी मोजले न्हाईत. एकशे वीसपैकी पन्नास प्रती सकाळी दहालाच भागवत सर घेऊन गेले, हॉलमधी पाहुण्यांच्या खुर्च्यांवर ठेवायला. इथंच उभं ऱ्हाऊन त्यांनी एक चाळली. एकशे सतराला थांबले. टीप दोनदा वाचली. मला वाटलं, आता परत ठेवतेल. मला म्हणले, "ताई, तुमच्या आई आहेत ह्या?" म्हणलं, हो. मंग पन्नासच्या पन्नास रिक्षात घातल्या त्यांनी, सोत्ता उचलून. आता त्यांचं काय बिनसलंय तुमच्याशी ते मला मालूम न्हाई. तुमी बी त्यांना इचारू नका.

काय पायजे मला? माफी? माफी काय करू घेऊन. तुमी मागितली तरी ती तुमाला आत्ता पाच वाजायच्या भीतीनं सुचलेली ऱ्हाईल. मला — मला तुमची इज्जत जायला पायजे होती. एवढंच पायजे होतं. माझी गेली तशी, भर दुपारी, चार लोकांत. — माझी कुठं गेली म्हणता? गेली न. तुमाला काय मालूम. नोंदणी रद्द झाली त्या दिवशी बाजार होता सोनपेठला. मी एस.टी.नं सरळ बाजारात गेले, मायला सांगायला. ती पालात बसली होती, शेजारी मनकर्णा मावशी, आन सात-आठ बाया, ज्यांचे फॉर्म भरले होते त्याच. मला बघून माय उठली, हाताला मिरचीचा लाल रंग, म्हणली, "झालं का गं बाय?" सगळ्या बायांनी वर बघितलं. आन मी म्हणले, झालं.

झालं म्हणले सर. तोंडातून निघून गेलं. मायनं मनकर्णा मावशीच्या पाटीतल्या शेंगा पसापसा वाटल्या बाजारात. बाप रडला. तो गेला चार वर्षांखाली, तेच मनात घेऊन गेला, पोरगी कॉलेजात शिकवती. माय आजबी तेच सांगती बाजारात. मागच्या साली तिला इथं डोळ्याच्या ऑपरेशनला आणलं, तर म्हणली, मला मपल्या लेकीचं कॉलेज दाव. मी दुकान बंद ठेवलं, दुकानाच्या पाटीवर पोतं टाकलं, आन रिक्षानं नेलं तिला तुमच्या कॉलेजपस्तोर. फाटकातून आत न्हाई नेलं. बाहेरूनच बोट केलं, म्हणलं, माय, ती वरच्या मजल्यावरची खिडकी दिसती न, हिरवा पडदा हाय बघ, ती माझी खोली. तिच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्यानं लय येळ बघत उभी ऱ्हायली. तुमची खिडकी होती ती सर. तुमची.

हे मी कोणालाच — भागवत सरांना बी न्हाई. तुमाला कामून सांगायले मी हे.

हां. बराबर बोललात. 'स्वीकारला नाही' असं मीच छापलंय. पन्नास पुस्तकांत छापलंय, आन सोनपेठचा कोणी ना कोणी असणारच त्या हॉलात. मायच्या कानावर जाईल. टाईप करतानाच कळलं होतं मला, तीनदा पुसलं आन तीनदा लिहिलं. पर मी कोणाला माझ्याआधी तिच्यापस्तोर पोचू देणार न्हाई. एक प्रत बाजूला काढलीय. उद्या बाजार हाय, पहिल्या एस.टी.नं जाणार हाय मी. पालात बसून एकशे सतरा वाचून दाखवणार हाय तिला, टीपेसगट, मावशीसमोर, सगळ्या बायांसमोर. मंग ती काय म्हणंल ते म्हणंल. शेंगांचं काय करंल, कोणाला म्हाईत —

ऱ्हाऊ द्या. तुमचा काय संबंध त्याच्याशी.

दाबाखालच्या दहा काढते मी आता, डिंक वाळला. तुमी उठा सर. कोट नीट करा, खांद्यावर कागदाची कतरण पडलीय. जा. तुमी पोचस्तोर हॉलवर लोकं बसले असतेल तुमची वाट बघत, पुस्तक मांडीवर उघडून.